आमच्या घरी ये

युद्ध थांबलं, राजधानी व्हिएनतियानमध्ये नवं सरकार आलं आणि बुआवानमावशीने वाढवलेला भाचा, सेंगफेत, त्यात मंत्री झाला. शेजारणी कौतुकाने नारळ घेऊन आल्या. मावशी मात्र त्याच्या जेवणाकडे बघत राही. पुढ्यात येईल ते तो मुकाट खाई. भाजलेला मासा दिसला की "मावशी, वाढ ना" म्हणत तिच्या मागे लागणारा हा पोरगा जंगलातल्या लढाईतून परतल्यापासून काही मागतच नव्हता.

"जीव तिकडेच राहिलाय त्याचा," ती शेजारच्या चांतीला म्हणाली. "घरी बोलवायला हवा."

म्हणून तिने जिवाला हाक घालून मनगटावर दोरे बांधायचं कार्य काढलं. केळीच्या पानांचा उंच शंकू, त्यावर चाफा, पांढरे दोरे, आणि त्याच्या तळहातावर ठेवायला उकडलेलं अंडं. भरकटलेल्या जिवाला पहिली हाक घरच्यांनी घालायची, पहिला दोराही घरच्यांनीच बांधायचा, अशी रीत.

पण हे पडलं मंत्र्याघरचं कार्य. गल्लीच्या दोन टोकांना दोन देशांच्या वकिलाती होत्या आणि नव्या सरकारवर दोघींचा सारखाच जीव. एकीने जीप दिली की दुसरी लगेच जनित्र पाठवी. दोन्ही राजदूत न बोलावता हजर झाले.

"मावशी, आधी पाहुणे," सेंगफेत म्हणाला.

"आणि मी रे कोण?"

"तू घरचीच. तुला थांबता येईल."

ती थांबली.

एकाने त्याचं उजवं मनगट धरलं, दुसऱ्याने घाईने डावं. दोघेही शब्द पाठ करून आले होते. "ये रे जिवा, आमच्या घरी ये," पहिला म्हणाला. दुसऱ्याने तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मग पहिल्याने पुन्हा, आणखी मोठ्याने. लोक हसायला लागले.

"मंत्र्यांना एकदम दोन सासरं गं!" चांती म्हणाली.

मंत्र म्हणायला बोलावलेले आजोबा हसले नाहीत. मावशीची पाळी आली तेव्हा राजदूतांच्या दोऱ्यांनी मनगटांवर जागाच उरली नव्हती. तिने आपला दोरा कोपराजवळ बांधला.

आजोबांनी शकुन पाहायला अंडं सोललं. आत काहीच नव्हतं. टरफल आतून कोरडं होतं.

"शिळं असेल," ते पुटपुटले.

"सकाळी मीच उकडलंय. चांगलं जड होतं हाताला."

त्यांनी टरफल मुठीत चुरलं आणि न जेवताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेंगफेत ओसरीवर भात खात बसला होता. मावशीने मासा भाजला आणि चुलीपासूनच लहानपणीच्या नावाने हाक मारली, "नॉय, ये रे!"

"आलो!"

हसरा, युद्धाआधीचा आवाज. तिचे डोळे भरून आले. मासा घेऊन ती धावतच बाहेर आली.

सेंगफेत तोंडातला घास चावत होता.

"आलो, आलो!"

आवाज गल्लीच्या उजव्या टोकाकडून येत होता, वकिलातीच्या भिंतीपलीकडून. मग डावीकडूनही आला.

तिने मासा त्याच्यापुढे ठेवला. तो खाऊ लागला. त्याने मान वर केली नाही.

"मावशी," उजवीकडची भिंत म्हणाली, "वाढ ना."

डावीकडच्या पहारेकऱ्याने फाटक आतून लावून घेतलं.