दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

बांडुंग शहरातून डोंगरावरच्या लेम्बांगला जायचं म्हणजे नुसता चढ. त्या दिवशी मी पिशवीत दोन रेकॉर्डी घालून निघालो होतो, एक जुनी आणि एक नवी. ही माझी पद्धतच आहे. माझ्या रेकॉर्डींच्या दुकानात येऊन कुणी विचारलं, "कोस काका, काय ऐकू?" की मी एक जुनी काढून देतो आणि तिच्या जोडीला एक नवी. मला विचारल्याशिवाय गावात कुणी रॉक ऐकत नाही असा माझा तोरा होता. होता कशाला, अजूनही आहे, लपवून काय करायचं?

त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. हिदायतदादा माझं फार जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. झटका आल्यापासून उजवं अंग लुळं पडलं होतं आणि आता अंथरुणातून हलणंही संपलं होतं. त्यांच्या मुलीचा, विविनचा फोन आला होता.

"काका, डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबा म्हणतात, कोसला सांग, जाता जाता काहीतरी चांगलं ऐकव. तुम्ही चांगलं म्हणाल ते त्यांच्या लेखी चांगलं."

इतक्या विश्वासाने कुणी मागितलं, तर माणसाने जीव लावून निवडावं. जुनी मी तशीच निवडली. नवी मात्र सकाळी आलेल्या खोक्यातून उचलली, कव्हरवरचा धुक्यातला पूल आवडला म्हणून. ऐकली नव्हतीच. वरचं प्लास्टिकसुद्धा मी गाडीत बसल्यावर फोडलं, वापरातली दिसावी म्हणून.

लेम्बांगला पोचलो तेव्हा धुकं अगदी खिडकीला टेकलं होतं. खोलीत औषधी तेलाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. विविनने आल्याचा काढा दिला आणि जुनी रेकॉर्ड लावली. चार कॉलेजच्या पोरांनी गॅरेजमध्ये वाजवलेली, ड्रम असा की ओल्या पत्र्यावर गारा पडाव्यात. दादांचं डावं बोट चादरीवर ताल धरू लागलं.

"ड्रमवाला घाई करतोय," ते हळूच म्हणाले. "माझ्याकडे शिकायला पाठवायचं होतंस ना त्या पोराला."

"आता त्याचीच नातवंडं शिकायच्या वयाची झाली असतील, दादा."

ते हसले. तिथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

"आणि नवी?" त्यांनी विचारलं. "तू ऐकलीस?"

"किती वेळा ऐकली त्याला गणती नाही."

"काय आहे तिच्यात?"

थापा मारायला काय जातं! आणि माझ्या जिभेला तर हाडच नाही. मी सुरू झालो. "दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, दादा. मध्येच गिटार थांबते. कुणीतरी खोकतं. मग लाकडी खुर्ची सरकवल्याचा आवाज… आणि शेवटी गाणारा कुणाला तरी घरच्या नावाने हाक मारतो. आपल्यालाच मारली असं वाटतं."

"घरच्या नावाने?" दादांचे डोळे चमकले. "विविन, तेवढंच लाव. तू कुठे निघालास रे? बस, सोबत ऐकू."

मी बसलो. विविनने पडदे ओढून घेतले. "तिन्हीसांज झाली. आई म्हणायची, या वेळेला कुणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही," ती म्हणाली आणि तिने सुई टेकवली.

मी मान खाली घालून चोरी पकडली जायची वाट बघत होतो. गाणं संथ होतं, बरं होतं. मध्येच गिटार थांबली.

कुणीतरी खोकलं.

सांगायला लाज वाटते, पण आधी मला हायसं वाटलं. वाचलो एकदाचा! विविनने माझ्याकडे केवढ्या कौतुकाने बघितलं. मग लाकडी खुर्ची सरकली. फरशीवर पाय ओढत सरकली. पुढे काय येणार हे मी सांगून बसलो होतो, पण ती सगळी थाप होती हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. 'उचल ती सुई, मी खोटं बोललो,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांतलं ते कौतुक जाईल म्हणून मी गप्प बसलो.

"ओचिम…"

हे माझं घरचं नाव. आई गेल्यापासून मला त्या नावाने हाक मारणारा एकटा माझा धाकटा भाऊ उरलाय. विविनला, दादांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"ओचिम… ये ना…"

मी काढ्याच्या पेल्यात बघत राहिलो. दारावर आलेल्याला घरातलं कुणी उत्तर देईना, की शेजारचा भला माणूस ओ देतो. तसा पलंगावरून आवाज आला.

"आलो, आलो…"

दादा उठून बसले होते. लुळा उजवा हात पुढे केला होता. मग सावकाश मागे टेकले. विविन धावली, पण सगळं संपलं होतं.

सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला मी गेलो. न जाऊन तोंड कुठे लपवणार? चटयांवर माणसं बसली होती, चहा फिरत होता. जो तो येऊन माझे हात हातात घेत होता. "शेवटी मनासारखं ऐकून गेले. तुमच्यामुळे." मला चटईखाली जावंसं वाटत होतं.

विविनने मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं.

"काका, मी ती परत लावली." तिचा आवाज अगदी खाली होता. "आता त्यात बाबा आहेत… 'आलो, आलो' म्हणतात."

मी आतल्या खोलीकडे बघितलं.

"पण हाक थांबत नाही हो. बाबा गेले तरी तो बोलावतोच आहे. म्हणजे ती बाबांना नव्हतीच… नाव तेवढं पुसट येतं. तुम्ही इतक्या वेळा ऐकलीय. कुणाला बोलावतो तो?"

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. दारातून माणसं माझ्याकडे बघत होती, माझ्यासारख्या जाणकाराकडे. तोंडात आलं ते नाव मी सांगून टाकलं.

"ओदिक," मी म्हणालो. "नीट ऐक, ओदिक म्हणतो."

ती आत गेली. सुई टेकल्याची खरखर झाली. खोकला, मग खुर्ची.

"हो की…" ती आतून म्हणाली. "आता अगदी स्पष्ट येतंय, काका."

ओदिक माझा धाकटा भाऊ. कुणीही हाक मारली की लगेच ओ द्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे.