चढावर ती, उतारावर तो

खिंडीकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर तिला पुढे एक पाठ दिसली. घामाने भिजलेला निळा शर्ट, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चाललेली सायकल, आणि सायकलवरचा माणूस काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं. तो सायकलची समजूत घालत होता.

"चल गं बाई... एवढंच वळण... मग तुला काही म्हणणार नाही..."

तिने घंटी वाजवली. तो दचकून बाजूला झाला.

"जा, जा," धापा टाकत तो म्हणाला. "उतारावर भेटूच!"

ती हसली आणि पुढे निघून गेली. चढ म्हणजे तिचा प्रांत. वहिनी तिला 'फुंकर मारली तर उडेल' म्हणायची. पण चढ लागला की हीच काटकुळी भल्याभल्यांना मागे टाकायची. उतारावर मात्र तिचं सगळं अवसान गळायचं. त्या दिवशीही खिंड ओलांडून, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून ती जपून उतरत होती. तेवढ्यात मागून खडखडाट आला आणि निळा शर्ट सुर्रकन बाजूने गेला.

"म्हटलं होतं ना!" एवढे शब्द तेवढे वाऱ्यावर मागे राहिले.

खाली, रस्ता नदीला येऊन मिळतो तिथे, तो एका दगडावर बसून केळं सोलत होता.

"वाट बघत होतो," जणू काही ठरलंच होतं अशा थाटात तो म्हणाला. "तुम्ही मात्र वर थांबला नाहीत."

"आपली ओळख कुठे होती?"

"आता झाली." त्याने अर्धं केळं पुढे केलं.

तिथून पुढे रस्ता सपाट होता. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कमरेएवढं गवत, खाली बारीक, दबून बसलेली खडी. चढावर तो मागे पडला होता, उतारावर ती; इथे मात्र चाकं आपोआप शेजारी आली. बोलता बोलता उघड झालं की दोघं एकाच कामावर निघाले होते. सायकल क्लबच्या मोठ्या सहलीसाठी या खोऱ्यातून रस्ता आखायचा होता. क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठून 'हे काम फक्त तुम्हालाच जमेल' असं सांगितलं होतं. ती क्लबच्या सकाळच्या तुकडीत, तो संध्याकाळच्या. त्यामुळे दोघांनाही त्यावर विश्वास ठेवायला काहीच अडचण आली नव्हती.

"म्हणजे आता भांडायचं की वाटून घ्यायचं?" त्याने विचारलं.

"वाटून कसं घेणार? तुम्ही फक्त उतार तपासणार आणि मी फक्त चढ?"

"मला तसा रस्ता चालेल. नुसता उतार."

"तुमचं वजन जास्त, म्हणून उतारावर हवा तुम्हाला कमी अडवते," ती गंभीरपणे म्हणाली. "चढावर तेच वजन ओढून न्यावं लागतं."

"मी जाडा आहे, हे इतक्या सभ्य शब्दांत अजून कोणी सांगितलं नव्हतं."

ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. रस्त्यात मध्येच उतरून चिमूटभर माती बोटांत चोळायची आणि पाऊस पडल्यावर इथे चिखल होईल की नाही ते सांगायची. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो माती बघायचा नाही. माणसांची नाकं बघायचा.

दर रविवारी ते रस्ता तपासू लागले. ती खिंडीत त्याची वाट बघायची, तो नदीशी तिची. मधला सपाटीचा तुकडा तेवढा दोघांचा. तिसऱ्या की चौथ्या रविवारी 'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं आणि कोणी ते उचलायला वाकलं नाही.

घरी वहिनीला वास लागलाच.

"झाला का गं रस्ता?"

"एका वळणावर खडी फार सुटी आहे. परत बघावं लागेल."

"मागच्या आठवड्यात पुलावर फांदी पडली होती. त्याआधी कसली तरी घसरण होती. रस्ता तपासतेस की रस्त्यावरचा माणूस?"

"वहिनी!"

"मी कुठे काय म्हटलं? तपासणी नीट व्हावी, एवढंच माझं म्हणणं."

पुढच्या रविवारी नदीवर भुरभुर पाऊस होता. सपाटीवर एके ठिकाणी बंद पडलेलं पंपघर होतं. त्याच्या वळचणीखाली दोघं उभी राहिली. ती थेंब पुसायला चष्मा काढून परत घालत होती, तर तो म्हणाला,

"डावीकडे कललाय. पहिल्या दिवसापासून बघतोय."

"मग आत्ता सांगतोस?"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर गिऱ्हाईक शोधतोय असं वाटलं असतं."

त्याने हात पुढे केला. तिने चष्मा दिला. थर्मासमधलं गरम पाणी त्याने चष्म्याच्या काडीवर अगदी बारीक धारेने सोडलं, काडी अंगठ्याने हलकेच वाकवली, शर्टाच्या कोरड्या बाहीला पुसली आणि चष्मा स्वतःच तिच्या डोळ्यांवर चढवला. काडी कानामागे बसली की नाही हे पाहायला त्याची बोटं क्षणभर तिथेच राहिली... काडी कोमट होती. बोटंही.

"आता सरळ दिसतंय?"

"दिसतंय," ती म्हणाली. खरं तर त्याच्याखेरीज काहीच दिसत नव्हतं.

त्या रात्री तिने स्वतःशी हिशेब मांडला. सहल जवळ आली होती. रस्ता मंजूर झाला की तपासणी संपणार, आणि तिच्यासोबत रविवारही. त्याच्या मनात काय आहे ते विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून तिने तिला जमेल तसा मार्ग काढला. कॅप्टनना सपाटीचा तुकडा आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत त्यावर वाद होणारच. तो त्या तुकड्याच्या बाजूने बोलला, तर त्याला तो हवाय, म्हणजे तीही हवीय. मग आपण त्याच दिवशी बोलायचं. नाही बोलला तर... गप्प बसायचं. प्रयोग साधा आणि निकाल स्वच्छ.

क्लबची खोली सायकल दुकानाच्या माडीवर होती. जिन्यापासूनच नव्या टायरचा वास यायचा. कॅप्टननी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"हा नदीकाठ कशाला? पाटासारखा सपाट! ऐंशी माणसं काय झोपा काढायला येणारेत? त्यापेक्षा वरून, कड्याच्या वाटेने नेऊ."

"काठची खडी चांगली बसलीय," ती म्हणाली. "पाणी लगेच निचरतं. चढ-उतारानंतर पायांना आराम लागतो." बोलताना आवाज जरा जास्तच चढला हे तिला कळत होतं.

"आणि चष्मेवाल्यांचं काय मत?"

त्याने नकाशाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"काढून टाका," तो म्हणाला. "कड्याची वाटच बरी."

पुढे काय ठरलं ते तिने ऐकलंच नाही. बैठक उठताच ती जिना उतरली आणि सायकलवर बसली. घर टेकडीवर होतं, रस्ता सगळा चढाचा. इतकी जोरात ती कधीच चढली नव्हती. निकाल स्वच्छ होता. डोळे तेवढे नव्हते.

"अगं... थांब..."

मागून धापा ऐकू आल्या. तिने पायडलवर आणखी जोर दिला.

"तू... का... चिडलीस?"

"चिडले नाही!"

"मग... हळू... चालव ना... मी... मरेन इथे..."

पहिल्या वळणावर तिने मागे पाहिलं. तो लालबुंद झाला होता, सायकल नागमोडी चालली होती; पण पाय टेकत नव्हता. आज सायकलची समजूत घालायलाही त्याच्यात दम उरला नव्हता. तिने गिअर उतरवला. मग आणखी एक. तो शेजारी आला.

"तो तुकडा तुला नकोसा झाला होता, तर मला आधी सांगायचंस," समोर बघतच ती म्हणाली.

"नकोसा?" तो मध्येच श्वास घेऊ बघत होता. "अगं... ऐंशी माणसं... तिथून जाणार... धूळ... आरडाओरडा... केळ्यांची सालं..."

"आधी नीट श्वास घे."

"घेतला तर... धीर जाईल." त्याने हँडल घट्ट धरलं. "तो रस्ता... सगळ्यांचा झाला... तर आपण... रविवारी कुठे जायचं?"

तिच्या प्रयोगात या उत्तराला जागाच नव्हती. हो आणि नाही एवढे दोनच रकाने आखून ती मोकळी झाली होती. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता चष्मा ओला झाला.

"पण रस्त्याचं काम तर संपलं," ती म्हणाली. "रविवारी जायचं कशाला?"

"तुझ्या शेजारून जायला." हे मात्र त्याने एका दमात म्हटलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. केव्हाचं सांगायचं होतं, पण चढावर तू सापडत नाहीस, उतारावर मी थांबत नाही, आणि सपाटीवर... तिथे तू शेजारी असलीस की मला काही सुचत नाही."

"आज तर चढ आहे."

"हो ना. बघ की."

तिने पाहिलं. चढावर पहिल्यांदाच तो तिच्या बरोबरीने होता. त्याच्याबरोबर राहायचं म्हणून ती इतकी हळू चालली होती की पुढचं चाक लटपटत होतं.

"मलाही तेच सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण मी तुझी परीक्षा घेत बसले."

"पास झालो का?"

"प्रश्नच चुकला होता."

तेवढ्यात दोन्ही हँडल एकमेकांत अडकली. पडू नये म्हणून दोघांनी एकदमच पाय टेकले. चढ अजून अर्धा बाकी होता. त्यांनी सायकली सोडवल्या, आणि परत त्यांवर बसायचं कोणी नावच काढलं नाही. हातात सायकली धरून, अगदी सावकाश, दोघं उरलेला चढ चालत चढू लागली.