सातवं नाव

दरवर्षी त्या तारखेला ऑपरेटरबाई सहा फुलं घेऊन जुन्या टेलिफोन एक्स्चेंजपाशी जायच्या. एक्स्चेंजचं आता वाचनालय झालं होतं, पण गल्लीत त्यांचं नाव ऑपरेटरबाईच राहिलं.

"चालत जाऊ नकोस," निघताना मुलगा म्हणाला. "गुडघे काही सरकारी नाहीत तुझे."

त्या हसल्या आणि चालतच गेल्या.

सात जणी होत्या त्या. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन. दिवा लागला की प्लग खुपसायचा, की कुठली तरी दोन माणसं बोलायला लागायची. कामापेक्षा खिदळणंच जास्त. मोठीताई सगळ्यांवर डाफरायची आणि मग स्वतःचाच डबा सगळ्यांत वाटून टाकायची. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

त्या वर्षी सत्तेवरच्यांनी निवडणुकीची मतं मोजूच दिली नाहीत. लोक चौकात जमले, आणि हुकूम आला : शहरातले फोन बंद करा.

मोठीताईने हेडफोन काढला नाही. "लोकांनी एकमेकांशी बोलायचं की नाही, हे यांनी ठरवायचं? मी नाही उठत. जिला जायचं तिने जा, मी मनात काही ठेवणार नाही."

कुणीच उठलं नाही. पण ऑपरेटरबाईंचं दहा महिन्यांचं पोर घरी तापाने फणफणलं होतं. मोठीताईच म्हणाली, "तू जा गं. ताप उतरला की ये."

ताप दुपारी दोनलाच उतरला. त्या गेल्या नाहीत. चार वाजता सैनिक दार फोडून आत शिरले. सहांतली एकही वाचली नाही.

आपण पोरासाठी थांबलो की भीतीने, हा काटा पंचेचाळीस वर्षं सलत होता.

आताही वाचनालयाच्या भिंतीतल्या दगडी पाटीवरच्या एकेका नावावरून त्यांनी बोट फिरवलं आणि खाली एकेक फूल ठेवलं. फुलं संपली. बोट मात्र आणखी एका नावावर गेलं.

ते त्यांचं होतं. अक्षरं बाकीच्यांइतकीच झिजलेली, खाचांत तितकीच जुनी धूळ.

"हे सातवं कधी कोरलं?" त्यांनी वाचनालयाच्या शिपायाला विचारलं.

"सातच आहेत की, आजी. मी नोकरीला लागलो तेव्हापासून."

घाबरायला हवं होतं. पण आधी छातीवरचा दगडच उतरला. मैत्रिणींनी आपल्यालाही त्यांच्यात धरलं म्हणायचं! त्या पायरीवर बसल्या. आतून तापलेल्या तारांचा वास आला, आणि मग दबकं खिदळणं. वाचनालयात तर चिटपाखरू नव्हतं.

"मी यायला हवं होतं गं," त्या पुटपुटल्या.

खिदळणं थांबलं. सगळ्या कान देऊन ऐकत असाव्यात तसं.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ओळख दिली नाही. रोज हटकून गुडघ्यांची चौकशी करायचा. घराच्या कुलपात किल्ली फिरेना. त्यांनी कडी वाजवली.

मुलाने दार उघडलं. सकाळपेक्षा वाळलेला, डोळ्यांखाली काळं.

"कोण हवंय, आजी?"

त्याच्या पाठीमागे भिंतीवर त्यांचाच फोटो होता, हार घातलेला. तेवीस वर्षांची मुलगी, कानाला हेडफोन.

"आईच्या ओळखीच्या का?" तो आदबीने म्हणाला. "आजच्या दिवशी येतं कुणी ना कुणी. बसा."

त्याने पाणी आणून दिलं.

"मला ताप होता म्हणे त्या दिवशी," तो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. "ती घरी आली होती. ताप उतरल्यावर परत गेली. भीती नसेल वाटली तिला?"

"वाटली होती."

"तुम्हाला कसं माहीत? तिथलं तर कुणीच उरलं नाही."

त्या उत्तर देणार होत्या. पण त्यांना ते चार वाजताचं आठवायला लागलं होतं. दाराच्या फळ्या तडकल्याचा आवाज. मोठीताईचा घामेजला हात, आपल्या हातात घट्ट. समोरच्या बोर्डवर एकदम लागलेले सगळे दिवे.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याला नावाने हाक मारावी म्हणून तोंड उघडलं.

नाव आठवेना.