रिकाम्या खोलीचे तीस सेकंद

रेकॉर्डिंगआधी मी सगळ्यांना बाहेर काढतो आणि रिकाम्या खोलीचा तीस सेकंद आवाज घेतो. लोक हसतात. पण रिकामी खोलीही गप्प नसते. पंखा असतो, ट्यूबलाइटची गुणगुण असते. आमच्या वसमतला तर मार्चपासून हळदीला पॉलिश करणारे ड्रम दिवसभर घरघरत असतात. ते तीस सेकंद कॉम्प्युटरला ऐकवायचे आणि सांगायचं, हा कचरा आहे, हा गाण्यातून काढ. तो मुकाट्याने काढतो.

माझा स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली. भिंतींना गोधड्या, दाराला जुनी गादी. एवढ्यावर मी परभणी-नांदेडची कामं करतो. प्रेमानंदच्या गाण्यात कचरा सापडत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला त्याचा भारी तोरा होता.

एप्रिलमध्ये डोंगरकड्याच्या भिकाबाई पाळणा गायला आल्या. त्यांच्या भागात बारसं त्यांच्याशिवाय होत नाही. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. पण माईकसमोर उभ्या राहिल्या आणि अडून बसल्या.

"लेकरू कुठंय?"

"रेकॉर्डिंग आहे, मावशी. लेकरू कशाला?"

"रिकाम्या जागी पाळणा म्या न्हाई म्हणत. आजवर म्हणला न्हाई."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझी बायको आकांक्षा पाणी घेऊन आली. तिला सातवा महिना होता. भिकाबाईंनी तिच्या पोटाकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"बस माय इथं. आता म्हणते."

गाणं एका दमात झालं. या गडबडीत रिकाम्या खोलीचा आवाज मात्र घ्यायचा राहिला होता. भिकाबाईंना मी बाहेर बसवलं. आकांक्षाचे पाय सुजले होते. ती उठू लागली तर मीच म्हणालो, "राहू दे, हलू नको फक्त." मीही जागचा उठलो नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माणसं आत असताना मी रिकामी खोली रेकॉर्ड केली. अखेरीस तिच्या बांगड्या किणकिणल्या आणि मी "झालं" म्हणालो. तेवढा तुकडा कापायला हवा होता. मी आळस केला आणि ते तीस सेकंद तसेच कॉम्प्युटरला कचरा म्हणून ऐकवले.

मिक्सिंगला बसलो आणि हरखून गेलो. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाणं पाठवून दिलं.

आठवड्याने आकांक्षा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज येत होता, बांगड्यांचा येत नव्हता. हिरव्या काचेच्या, कोपरापर्यंत भरलेल्या. मी तिचा हात धरून हलवला. काचेवर काच आपटताना दिसत होती.

"कान दाखवा कुणाला तरी," ती हसली. मग तिने स्वतःच हात कानाजवळ नेला. त्या दुपारी तिने सगळ्या बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या.

आठव्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला मशीन लावलं. पडद्यावर काळीज लुकलुकत होतं, मशीनमधून आवाज नव्हता. त्यांनी वायर बदलली. शेवटी बाहेरच्या एका बाईला आत घेऊन तिला तेच मशीन लावलं. खोलीभर टकटक सुरू झाली.

"लेकरू बराबर आहे," डॉक्टर म्हणाले. "आवाजाचं एवढं मनावर घेऊ नका."

मला दुसरं काही घ्यायलाच नव्हतं मनावर. माझं पोटच आवाजावर चालतं.

जूनमध्ये मुलगी झाली. नर्सने तळव्यांवर टिचक्या मारल्या. पोरीने तोंड उघडलं, लाल झाली, मुठी आवळल्या. ती जीव तोडून रडत होती आणि खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. नांदेडच्या डॉक्टरांनी गळा, फुप्फुसं, सगळं तपासलं. कुठे काही नव्हतं.

बारशाला बोलवायला मी भिकाबाईंना फोन केला.

"हॅलो? कोण हाय? आवाज न्हाई येऊन राहिला, बाबा. मोठ्यानं बोल!"

डोंगरकड्याला रेंज नसते. मी फोन ठेवला. त्या महिन्यात दोन गिऱ्हाइकंही असंच म्हणाली. मी सिमकार्ड बदललं.

तेव्हा मला कचऱ्याची आठवण झाली. गाण्यातून काढलेला कचरा मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, चुकून एखादा सूर गेला नाही ना, हे पाहायला. पाळण्याची फाइल गाण्याएवढीच होती, चार मिनिटं दहा सेकंद. मी हेडफोन लावले.

पंखा. हळदीचे ड्रम. बांगड्या, एकसारख्या, हात हलवल्यासारख्या. खाली कुठेतरी भरभर टकटक.

मग लेकरू रडलं.

फाइल एप्रिलची होती. पोरगी जूनची.

मी आकांक्षाला हाक मारली. तिने हेडफोन लावले आणि पोरीला छातीशी धरून खाली बसली. दोघीही रडत होत्या. एकीचाच आवाज येत होता.

मला माझ्या लेकीचा आवाज परत हवा होता. कचरा पुन्हा गाण्यात मिसळून पाहिला. स्पीकरवर लावला, तर नुसती घरघर. हेडफोनमध्येच ती रडायची. फाइल पुसून टाकायला मी एकदा बोट ठेवलं. आकांक्षाने मनगट धरलं.

"पुसू नका. तिथं तरी हाय ती."

आता पोरीला तिसरा महिना लागलाय. आकांक्षा स्वयंपाक सोडून हेडफोन लावून बसते. रडण्यावरून भूक ओळखते, झोप ओळखते. फाइल आता अकरा मिनिटांची झाली आहे. ती कशी वाढते, हे मी कुणाला विचारणार?

आज सकाळी पोरगी आकांक्षाच्या मांडीवर किरकिरत होती. मी तिला थोपटलं, "उगी, उगी, बाळा" म्हणालो. ती काही उगी राहिना. मग मी हेडफोन लावले.

ती रडत होती. मागून पुरुषाचा आवाज आला.

उगी, उगी, बाळा.

मी हेडफोन टेबलावर ठेवले.

"आकांक्षा, आत्ता मी हिच्याशी बोललो ना? तू ऐकलंस?"

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "कवाचं नुसतं तोंड काहून हलवून राहिले?"

तिच्या मांडीवर पोरगी शांत झाली होती. टेबलावरच्या हेडफोनकडं मान वळवून ती हसत होती.