ओटी भरण्याआधी

"माधवी, जरा सुंठ उगाळून पाठव गो बाहेर. तेजलचं डोकं दुखतंय म्हणते!"

इंदुबाईंचा आवाज बाहेरच्या खोलीतून आला, आणि नारळीभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवणारा माधवीचा हात तसाच अधांतरी राहिला... सुंठ! आठ वर्षांत तिने स्वतःच्या घरात सुंठेचा तुकडा आणला नव्हता. तो उग्र वास आला की आजही ती पदर नाकाला लावी. पण हे सासूबाईंचं स्वयंपाकघर होतं, आणि इथे सहाणेशेजारी तो करडा, सुरकुतलेला तुकडा जणू तिचीच वाट पाहत पडला होता.

बाहेर तिच्या धाकट्या जावेचं, तेजलचं डोहाळजेवण चाललं होतं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, भिंतीवर पुठ्ठ्याचा चंद्र, आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मांजर्लीतल्या बायका. जुनी शेतजमीन बिल्डरला दिल्यावर घराला दोन फ्लॅट मिळाले होते. पहिल्या मजल्यावर इंदुबाई, धाकटा प्रज्वल आणि तेजल राहत. तिसऱ्यावर थोरला सुजित आणि माधवी. मधल्या दोन जिन्यांत सहा महिने एक न दिसणारी रेघ ओढलेली होती. तेजलला दिवस गेल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी इंदुबाई वर आल्या होत्या आणि खालमानेने म्हणाल्या होत्या, "तुझं मन वाईट नाय, मला ठाव हाय. पण जिच्या ओटीतलं गेलं तिने भरल्या ओटीसमोर येऊ नये. तेवढं पाळ."

माधवीने पाळलं. आजही पहाटेपासून ती स्वयंपाकघरात राबत होती, पण उंबरठ्याबाहेर तिने पाऊल टाकलं नव्हतं.

मात्र जिन्यांवर ओढलेली रेघ फोनला अडवू शकत नव्हती! रोज दुपारी इंदुबाईंचा डोळा लागला की पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर मेसेज येई. 'ताई, छातीत खूप जळजळतंय.' 'ताई, काल बाळ दिवसभर गप्प होतं, मी घाबरले.' 'ताई, साखरेची टेस्ट करताना उलटी झाली तर?' आणि माधवी सावकाश, एकेक शब्द तोलून उत्तर देई... जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, डाव्या कुशीवर झोप, बाळ हललेलं मोजत जा, कमी वाटलं तर थांबू नकोस. जे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते सगळं ती या मुलीला सांगत होती. जाऊ म्हणून लाभलेली ही अल्लड, हसरी पोर तिच्या मुक्या वात्सल्याचा एकुलता एक झरोका होती.

पण गेल्या आठवड्यात एक वेगळाच मेसेज आला होता. 'ताई, अंगठी निघतच नाहीये! तपासणीला भेटतो त्या सगळ्या मैत्रिणींचा ग्रुप आहे ना, त्या म्हणतात नॉर्मल आहे, सगळ्यांनाच सूज येते.' माधवीने तत्काळ लिहिलं होतं, 'प्रेशर तपासून घे. आजच.' त्यावर उत्तर आलं, 'आई म्हणतात, ओटी भरली की जाऊ. गेल्या आठवड्याची तपासणी पण म्हणूनच पुढे ढकललीय.' माधवीने धीर करून प्रज्वलला जिन्यात गाठलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यातून दमून आलेला तो नजर चुकवत म्हणाला होता, "वहिनी, तू टेन्शन नको घेऊ. आणि तू बोललीस हे आईला कळलं ना, तर तमाशा होईल उगाच."

आता सहाणेवर पाण्याचे दोन थेंब पडले होते, सुंठ हातात होती... पण हात चालत नव्हता. माधवीने ती खाली ठेवली, पदराला बोटं पुसली आणि फोन उचलला. 'डोळ्यांसमोर काही चमकतं का?'

बाहेर तेजलचा फोन किणकिणला. क्षणभराने उत्तर आलं.

'हो ताई. चांदण्या. तुम्हाला कसं कळलं? आणि बरगडीखाली पण दुखतंय. ॲसिडिटी असेल.'

चांदण्या!

आठ वर्षांपूर्वी हाच शब्द माधवीने वापरला होता. सासरे जाऊन महिनाही झाला नव्हता, घर अजून दुःखात बुडालेलं होतं, आणि ती सासूजवळ जाऊन म्हणाली होती, "आई, डोकं फुटतंय... डोळ्यांपुढे चांदण्या येतात." इंदुबाईंनी तिला जवळ घेतलं, कपाळावर सुंठेचा लेप लावला, म्हणाल्या, "सगळ्या बायांचं दुखतं गो. झोप." ती विश्वासाने झोपली. सकाळी पोटात सारं नि:शब्द होतं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढला होता, आदल्या दिवशी आणायला हवं होतं. सुजित वेडापिसा होऊन विचारत होता, "कोणाला सांगितलं का नाहीस? का नाही सांगितलंस?" त्याच्या पाठीमागे दारात इंदुबाई उभ्या होत्या. कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. त्या कपाळाकडे पाहून माधवी म्हणाली होती, "मला एवढं वाटलं नाही."

एवढं एकच वाक्य! त्या वाक्याने तिने सासूला वाचवलं, मुलाला आईपासून तुटू दिलं नाही, आणि स्वतःच्या माथी जन्मभराचा निष्काळजीपणा घेतला. तिला वाटलं होतं, सासू हे कधीतरी ओळखेल, हृदयाशी धरेल. उलटच झालं. इंदुबाईंना तिच्याकडे बघवेनासं झालं. आणि ज्याच्याकडे बघवत नाही, त्याला माणूस हळूहळू अशुभ म्हणू लागतो.

बाहेर हशा उसळला. माधवीने उंबरठा ओलांडला.

बांगडीवाली तेजलच्या हाताला साबण चोळून शेवटची हिरवी बांगडी चढवत होती. तेजलची बोटं काकडीसारखी टम्म झाली होती. "अगो बघा, बाळाच्या आधी आईलाच बाळसं आलं!" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू पिकलं. तेजलही हसली, पण एक डोळा मिटून. झोपाळ्याच्या कडेला तिची तपासणीच्या बाकावरची मैत्रीण बसली होती, विठ्ठलवाडीची मैत्रेयी, तीही आठव्या महिन्यात.

माधवी समोर आली तसं हसू एकदम विरलं.

"तू कशाला आलीस?" इंदुबाईंचा आवाज दबका, पण धारदार होता. "आत जा."

माधवी गुडघ्यांवर बसली. तेजलची साडी घोट्यावरून जराशी सरकवून तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला होता. गोरटेल्या, ताणलेल्या कातडीवर अंगठ्याएवढा, स्वच्छ खड्डा... आणि तो भरून येईना.

"माझ्याही पायाला सूज आहे," मैत्रेयी गोंधळून म्हणाली. तिने आपला पाय पुढे केला, स्वतःच दाबून पाहिला. कातडी लगेच वर आली. तिने पुन्हा तेजलच्या पायाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तेजल... मी तुला ग्रुपवर नॉर्मल आहे म्हटलं होतं गं. हे माझ्यासारखं नाहीये."

"आई, हिला आत्ता हॉस्पिटलला न्यायचं," माधवी म्हणाली.

"ओटी भरल्याबिगर झोपाळ्यावरून उठायचं नाय! अपशकुन होईल. पाच बाया ताटं घेऊन उभ्या हायत. तासाभराने न्या की. सुंठ लावली की उतरेल..."

"सुंठेने उतरत नाही, आई!"

दोघींची नजर आठ वर्षांनी एकमेकींना भिडली. इंदुबाईंचे ओठ पांढरे पडले, पण त्या झोपाळ्यासमोरून हलल्या नाहीत. उघड्या खिडकीतून पावसाने फुगलेल्या उल्हास नदीचा गढूळ घोंघाट वर येत होता. सोसायटीतल्या गाड्या सकाळीच उंचावर नेऊन ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने रिक्षाही या गल्लीत शिरणार नव्हती.

आणि माधवीला उमगलं की आता काय करावं लागेल. भरला सोहळा मोडायचा एकच मार्ग होता. तो धरणाऱ्या बाईला या घरात पुन्हा कधीच क्षमा नव्हती.

तिने पदर तळहाताला गुंडाळला, तेजलची दोन्ही मनगटं धरली, डोळे मिटले आणि दाबलं.

कच्‌...!

हिरवा चुडा फुटला. काचा झेंडूच्या पाकळ्यांवर पडल्या. एक बाई किंचाळली, दुसरीने कानांवर हात ठेवले. "अगो अवदसे! जित्या नवऱ्याचा चुडा फोडलास!" इंदुबाईंचा हात वर उठला आणि तसाच थिजला.

माधवीच्या पदरातून रक्त झिरपत होतं, पण आवाज शांत होता. "आता ओटी भरता येणार नाही, आई. मोडलं मी सगळं. मला काय म्हणायचं ते म्हणा... पण आता तरी तिला उठू द्या!"

तेजलच्या मोकळ्या झालेल्या मनगटांवर बांगड्यांचे खोल वळ उठले होते. ती उठायला गेली आणि भिंतीकडे हात पसरून म्हणाली, "ताई, मला नीट दिसत नाहीये..."

मग मात्र इंदुबाई झोपाळ्यासमोरून बाजूला झाल्या. मैत्रेयीने आपलं पोट सावरत खाली जाऊन रिक्षा अडवली. चाकं अर्धी पाण्यात होती. जवळच्या दवाखान्यात प्रेशर मोजणाऱ्या नर्सने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, आणि डॉक्टरांना हाक मारली. इंजेक्शन दिलं गेलं. मुदतीआधी जन्मणाऱ्या बाळासाठी लागणारी सोय तिथे नव्हती. उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. अँब्युलन्समध्ये तेजलचे डोळे वर फिरले, जबडा आवळला, सारं अंग झटके देऊ लागलं. सोबतच्या नर्सने तिला कुशीवर वळवलं, आणि माधवी आपल्या रक्ताळलेल्या हाताने तिचं डोकं धरून एकच घोकत राहिली, "आहे गं मी, आहे..." समोरच्या बाकावर इंदुबाई बसल्या होत्या. त्यांच्या मुठीत ओटीचा नारळ तसाच होता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुजित धावत आला. कोणीतरी फोनवर त्याला फक्त चुड्याचं सांगितलं होतं. प्रज्वल सह्या करायला आत गेला होता. कोपऱ्यात उभ्या माधवीवर सुजितचा सारा संताप कोसळला.

"लाज नाही वाटली? स्वतःच्या वेळी तोंड उघडलं नाहीस! माझं लेकरू गेलं तुझ्या गप्प बसण्याने... आणि आज तिचा चुडा फोडायला बरी जीभ आली, बरे हात आले!"

माधवीने मान खाली घातली. तेच आठ वर्षांचं वाक्य पुन्हा तिच्या ओठांवर आलं होतं...

"उघडलं होतं."

सुजितने वळून पाहिलं. इंदुबाई बाकावरून उठल्या होत्या.

"तिने तोंड उघडलं होतं, सुजित. माझ्याजवळ उघडलं होतं. डोकं दुखतंय म्हणाली, चांदण्या दिसतात म्हणाली... सगळं म्हणाली. मी सुंठ लावली आणि झोप म्हटलं." त्यांचा आवाज फाटला. "तू विचारलंस तेव्हा मी तुझ्या मागेच होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळं आपल्या डोक्यावर घेतलं. आणि मी... मी तिला घेऊ दिलं! वर तिलाच पांढऱ्या पायाची केली. तिच्याकडे बघितलं की मला माझंच पाप दिसायचं रे!"

सुजित मटकन खाली बसला. मग त्याने बायकोचा हात ओढून घेतला आणि तळव्यात रुतलेली हिरवी काच, मान वर न करता, नखाने काढू लागला.

तेजलचं बाळ त्या संध्याकाळी पोट उघडून काढलं. मुलगी होती, दीड किलोलाही कमी. तेजलला झटके पुन्हा आले नाहीत, पण मूत्रपिंडं साथ देईनात. ती आयसीयूत राहिली, कधी डोळे उघडी, कधी नाही. डॉक्टर आशेचा शब्द द्यायला तयार नव्हते. घरचे सगळे त्या व्हरांड्यात श्वास रोखून दिवस ढकलत होते.

मुलीचं नळीवाचून श्वास घेणं सुरू झालं, त्या सकाळी नर्स बाहेर आली. "बाळाला उघड्या छातीशी धरायचं आहे, कातडीला कातडी लागली की ऊब टिकते, श्वास सुधारतो. आईला उठता येत नाही. घरातलं कोण येतंय?"

इंदुबाई पुढे झाल्या. आजीच होत्या त्या... दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मागे वळून त्यांनी माधवीच्या दंडाला धरलं.

"ही येतेय."

"आई, मी कशी? माझी सावली..."

"गप गो." इंदुबाईंचे डोळे भरून वाहत होते. "तुझ्याच सावलीत वाचलीय ती."

"बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून या," नर्स म्हणाली.

पट्टी बांधलेल्या हाताने माधवीला ते जमेना. मग इंदुबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी, कुठे काच लागू नये अशी, हळूहळू उतरवली. शेवटची उतरवून त्यांनी सगळ्या आपल्या पदराला बांधल्या. "ओटीचा नारळ ठेवलाय मी. तेजल उठली की दोघींची एकदम भरीन."

तेजल उठेल का, हे माधवीने विचारलं नाही.

आत आरामखुर्चीत तिच्या छातीवर नर्सने ती मुलगी ठेवली. मांजराच्या पिल्लाएवढी, तांबूस, सुरकुतलेली. तिचा गाल माधवीच्या काळजावर टेकला. आठ वर्षं जिथे कोणी टेकलं नव्हतं, तिथे! माधवीला हुंदका फुटेल असं वाटलं, पण तिने तो गिळला, छाती हलू नये म्हणून.

लहानगा श्वास खाली-वर होत होता. खाली-वर... आणि मग थांबला.

शेजारचं यंत्र वाजू लागलं.

"घाबरू नका, अशी बाळं श्वास घ्यायला विसरतात," नर्स लगबगीने जवळ येत म्हणाली. "तळपाय चोळा. हलकेच."

माधवीने तो इवला पाय मुठीत धरला आणि अंगठा तळव्यावर दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. तोच अंगठा, ज्याने पाडलेला खड्डा भरून आला नव्हता. "घे गं," ती कुजबुजली, "घे माझे बाय... तुझी आई वाट बघतेय..."

मुलीने अंग आवळलं, आणि एक दीर्घ, रडवेला श्वास आत ओढला. अंगठ्याखालची कातडी पांढरी पडली होती. माधवी पाहत असतानाच ती पुन्हा गुलाबी झाली.

काचेपलीकडे इंदुबाई हात जोडून उभ्या होत्या. माधवीने अंगठा तिथून हलवला नाही.