बिनितुआनच्या बुरुजाचं दार

सरका जवळ. वीज काही पहाटेपर्यंत येत नाही. आणि हसू नका रे, ही माझ्या सख्ख्या साडूची, देन्सियोची गोष्ट आहे.

गेल्या वर्षी, अकरा फेब्रुवारी, मंगळवार. आपल्या बिनितुआनच्या किनाऱ्यावरच्या पोवळ्याच्या दगडी बुरुजाची किल्ली तेव्हा त्याच्याकडे असायची. दुसऱ्या दिवशी मनिलाहून वारसा खात्याचे साहेब येणार होते. रात्री जेवताना त्याला आठवलं, आतल्या जुन्या तसबिरी पुसायच्या राहिल्यात.

"सकाळी पूस की," त्याची बायको सेला म्हणाली.

"सकाळी आठला साहेब दारात उभे. फडकं दे, अर्ध्या तासात येतो."

"जा बाबा. आणि उद्या त्यांना तुझी ती लुटारूंची गोष्ट सांगत बसू नकोस, बिचारे लांबून येणार, तिथंच घोरायला लागतील."

ती गोष्ट देन्सियो शाळेच्या पोरांना दर आठवड्याला सांगायचा. जुन्या काळी समुद्रात लुटारूंची गलबतं दिसली की वरून शंख फुंकायचे, सारा गाव धावत बुरुजात शिरायचा आणि दार लावून घ्यायचा. उशिरा पोचणारे बाहेर राहायचे. ते गुलाम म्हणून विकले जायचे. हे सांगताना त्याचा आवाजही हलायचा नाही, इतकं पाठ झालेलं.

रात्री पावणेदहाला तो आत शिरला. बॅटरी खिळ्याला अडकवली, दोन तसबिरी पुसल्या. मागे दार लागलं. वारा असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. काम उरकून कडी ओढली, तर दार हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. नाही.

तेवढ्यात बाहेरून थाप पडली.

"उघडा." बाईचा आवाज.

"कोण आहे? दार अडकलंय बाई. तुम्ही ढकला, मी ओढतो."

"उघडा ना... मूल आहे माझ्याजवळ."

देन्सियोनं पाय रोवून ओढलं. आणि त्याच्या पाठीला खांदा लागला.

त्यानं वळून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात रिकामी फरशी. तसबिरी. बस्स.

दुसरा खांदा. मग कुणाचं तरी कोपर. मानेवर श्वास. घामाचा वास, ओल्या केसांचा वास. रिकाम्या खोलीत माणसं दाटत चालली. हात वर करायलाही जागा उरली नाही. ओरडायला तोंड उघडलं, तर त्यावर एक तळवा येऊन बसला.

"गप."

बाहेर ती नावं घेऊ लागली.

"बास्यान... इस्तोय... आई..."

प्रत्येक नावाला आतल्या कुणाचा तरी श्वास थांबे. ओ कुणीच देत नव्हतं.

मग वाळूवर पावलं. पुष्कळ. धावत येणारी.

थापा वाढल्या.

"आई..."

यापुढचं देन्सियोनं दोघांनाच सांगितलंय. पाद्रीबाबांना, आणि मला. तोंडावरचा हात तेव्हा निघाला होता. त्याला कुणी धरलं नव्हतं. बोलता आलं असतं.

तो बोलला नाही.

त्यानं दाराला खांदा लावला. आतून. त्या सगळ्यांबरोबर. बाहेर सगळं थंड होईपर्यंत...

सेलाचा रात्री डोळा लागला होता; उजाडल्यावर अंथरूण रिकामं दिसलं, तशी ती रडत माझ्याकडे आली. आम्ही चौघं गेलो. ढकलून ढकलून थकलो, शेवटी शिडी लावून वरच्या खिडकीतून आत उतरलो. देन्सियो दाराला पाठ टेकून बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "गेले का रे ते?" त्यानं त्याच दिवशी किल्ली परत केली. आता वाट वाकडी करून बाजारात जातो, पण बुरुजावरून जात नाही.

पण पोरांनो, दार आम्हाला उघडता का आलं नव्हतं, माहीत आहे? आतून अडसर घातलेला होता. नारळाच्या खोडाएवढा जाड, काळाकुळकुळीत, बसलेल्या देन्सियोच्या डोक्याच्याही वर. त्या दाराला अडसर आमच्या आजोबांनीही कधी पाहिला नव्हता. चौघांनी मिळून तो कसाबसा उचलला. मी मधोमध होतो.

माझ्या हाताखाली लाकूड कोमट होतं... नुकतंच कुणी पाठ काढून घ्यावी, तसं.