तुमचा प्रश्न माझ्या टेबलावर आहे

विधानभवनातल्या प्रश्न शाखेची खिडकी पाचला बंद होते. पाचला पाच मिनिटं कमी होती, आणि माझ्या पुढे एक माणूस छातीपासून हनुवटीपर्यंत कागदांचा ढीग धरून उभा होता. खिडकीतला कारकून त्यातल्या प्रती एकेक करून मोजून घेत होता.

"अहो, जरा आटपा ना," मी म्हटलं.

"आटपतोच आहे. एकशे बारा झाल्या, अठ्ठ्याऐंशी राहिल्या."

"तोवर खिडकी बंद होईल."

"मग तुम्ही आधी यायचं…" तो मागे न बघताच म्हणाला.

राग माझ्या नाकावर असतो असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. मी त्याच्या खांद्यावरून माझा कागद खिडकीत सरकवायला गेले, माझं कोपर लागलं, आणि मोजलेल्या न मोजलेल्या सगळ्या प्रती जमिनीवर पसरल्या. मी खाली बसले, तोही बसला. तो चिडेल असं वाटलं होतं. पण त्यानं चष्मा सारखा केला आणि एवढंच म्हणाला, "चला, आता पुन्हा एकपासून."

मला शरमल्यासारखं झालं. मी कागद गोळा करायला लागले आणि हातातला पहिलाच कागद वाचून जागच्या जागी थांबले. तो आमचाच प्रश्न होता.

आमचा म्हणजे आमदारबाईंचा. आमच्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता विरोधी बाकावर बसतात. त्यांचे लेखी प्रश्न मी तयार करते. आमदारानं लिहून विचारायचं आणि मंत्र्यानं दहा दिवसांत लिहून उत्तर द्यायचं, असा नियम आहे. भाषणात मंत्री हसून विषय बदलू शकतो, लेखी उत्तरात ते जमत नाही, म्हणून बाईंचा या कागदांवर फार जीव. मी नोकरीला लागून तेव्हा तीनच महिने झाले होते, आणि हा प्रश्न मी एकटीनं लिहिलेला पहिला प्रश्न होता. 'नदीवरील प्रवासी बोटीची सुरक्षा तपासणी झाली आहे काय?'

त्याखाली मंत्र्यांचं उत्तर होतं. 'होय.'

बस, एवढंच. माझी आई नदीपलीकडच्या रुग्णालयात नर्स आहे. रोज दोन वेळा त्याच बोटीनं जाते-येते. तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपतं, ते उपसायला आता एकाऐवजी दोन माणसं ठेवलीत, हे तीच मला जेवताना सांगायची, जसं काही हवापाणी सांगतेय. पुलावरून बसनं गेलं तर दीड तास मोडतो, म्हणून ती बोट सोडायला तयार नव्हती. मला मात्र ती घरी येईपर्यंत चैन पडायचं नाही.

"हे उत्तर कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"सही मंत्र्यांची आहे."

"लिहिलं कोणी?"

"…मी. मंत्र्यांच्या कार्यालयात उत्तरांचे मसुदे मीच करतो."

"तपासणी केव्हा झाली?"

"ते तुम्ही विचारलं नव्हतं," तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "कधीतरी एकदा झाली असली तरी उत्तर 'होय'च येणार. मला विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागतं. न विचारलेल्याचं देता येत नाही."

खिडकी धाडकन बंद झाली. तो तिथंच जमिनीवर बसून कागद जुळवत राहिला आणि मी पाय आपटत निघून आले. चूक माझीच होती. म्हणून तर जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी कॅंटीनमध्ये कोणीतरी माझ्यासमोर कॉफीचा कप ठेवला. वर बघितलं तर उत्तरवाला. उजव्या हाताच्या बोटाला शाईचा डाग, काखेत मिटलेली छत्री.

"अजून रागावलात?"

"अंशतः."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा. "तीन महिन्यांत आमची भाषा शिकलात की. अंशतः म्हणजे किती?"

"माहिती गोळा करण्यात येत आहे."

"अरे बापरे. हे उत्तर आम्ही द्यायचं असतं, काहीच सांगायचं नसेल तेव्हा."

"म्हणूनच दिलं," मी म्हटलं, आणि कॉफी मात्र प्यायले.

मग रोजच तो साडेअकराला यायला लागला. मी साडेअकराच्या आधी पाच मिनिटं तिथं असायची, हे मी तेव्हा कोणाला कबूल केलं नसतं. तो कॉफी फुंकत फुंकत प्यायचा. मी बोलायला लागले की फुंकायचं विसरायचा आणि जीभ पोळून घ्यायचा. बोटीच्या फाइलमध्ये काय आहे ते त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. मी आडून आडून विचारलं, सरळ विचारलं, लाडीगोडी लावून विचारलं.

"फाइल माझी नाही, कार्यालयाची आहे," तो म्हणायचा. "तुमच्याकडे प्रश्न आहे ना? मग तो नीट विचारा."

नीट विचारायचं तर पुन्हा बाईंकडे जाणं आलं. एका आमदाराला आठवड्याला तीनच प्रश्न देता येतात, आणि बाईंचे तिन्ही ठरलेले होते. मी एक जागा मागितली.

"तुझी आई बसते त्या बोटीत, म्हणून?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"हो, म्हणून," मी म्हटलं. "आणि रोज आणखी शे-सव्वाशे माणसं बसतात. त्यांची मुलंही अशीच वाट बघत असतील."

बाईंनी मग स्वतःचा एक प्रश्न बाजूला ठेवला आणि माझ्या मसुद्यावर लाल पेन चालवलं. "'झाली आहे काय' नको, पोरी. त्यातून माणूस निसटतो. केव्हा झाली, कोणी केली, किती प्रवाशांची परवानगी आहे, किती बसतात, किती लाईफ जॅकेटं आहेत. आणि तपासणी अहवालाची प्रत सभागृहापुढे ठेवा म्हणून लिही. आता बघू कसे निसटतात."

प्रश्न गेला. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तो आला, पण बसला नाही.

"तुमचा प्रश्न माझ्या टेबलावर आहे," तो म्हणाला. "उत्तर जाईपर्यंत आपण भेटायचं नाही."

"का?"

"मी खरं लिहिलं तर लोक म्हणतील, पोरीसाठी लिहिलं. मग त्या खऱ्याला काही किंमत राहणार नाही. दहा दिवस फक्त…"

"आणि तुमच्या वरच्या साहेबांनी खरं लिहू दिलं नाही तर?"

तो छत्री घ्यायला विसरून निघून गेला. मी ती घरी नेली आणि दाराआड उभी केली. येताजाता ती दिसायची.

ते दहा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. तो जिन्यात दिसायचा, मान खाली घालून जायचा. मला त्याचा राग यायचा आणि तो दिसला नाही की जास्त यायचा. सकाळी आई चप्पल घालायला लागली की मी म्हणायची, आज बसनं जा ना. ती म्हणायची, तू आधी नाश्ता कर.

रविवारी तिची ड्यूटी होती. संध्याकाळी घरी येऊन ती हसत सांगायला लागली, "आज बोटीत एक येडा माणूस होता. हातात वही. बाकाखाली वाकून लाईफ जॅकेटं मोजत होता. पट्टे ओढून ओढून बघत होता. मध्यावर आल्यावर बिचाऱ्याला असं मळमळायला लागलं… मी पाणी दिलं, डोकं धरलं. तरी वही सोडेना."

"चष्मा होता?"

"होता. तू का लाल झालीस?"

सुट्टीच्या दिवशी, पोटात ढवळत असताना तो माझ्या आईच्या बोटीत जॅकेटं मोजत होता. त्या संध्याकाळी मला पक्कं कळलं की मी त्याच्यात अडकलेय. पण त्यानं मोजलं म्हणून साहेब ते छापू देतील असं थोडंच होतं? मंगळवारी कानावर आलं की साहेबांनी उत्तर ठरवलंय, 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' तसं उत्तर आलं की नियमानं पुढचे दोन महिने त्याच विषयावर पुन्हा प्रश्न विचारता येत नाही. आणि ते दोन महिने आई बोटीत.

दहाव्या दिवशी दुपारी तीनला उत्तरांचा गठ्ठा आला. मी आमचा कागद शोधला. उत्तर एका ओळीचं नव्हतं. अख्खं पान होतं.

शेवटची तपासणी सहा वर्षांपूर्वी झालेली. परवानगी साठ प्रवाशांची, प्रत्यक्षात सव्वाशेपर्यंत. लाईफ जॅकेटं तेवीस, त्यातली पट्टे शाबूत असलेली नऊ. अहवाल सोबत जोडला होता. आणि तळाशी लिहिलं होतं, नव्यानं तपासणी होईपर्यंत बोट आज दुपारी चारपासून बंद ठेवण्यात येत आहे.

माझे डोळे भरून आले. बाईंनी पाठीवर हात ठेवला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चारपासून. आईची ड्यूटी साडेतीनला संपते, ती पावणेचारची बोट धरते. म्हणजे शेवटच्या फेरीला ती त्यात असणार. मी फोन लावला. बंद. आईचा फोन नेहमी पिशवीच्या तळाशी, चार्जिंग संपलेला. रुग्णालयाचा फोन कोणी उचलेना.

बाहेर बारीक पाऊस आणि जोराचा वारा. फाटकाशी तो उभा होता, भिजलेला.

"दहा दिवस झाले," तो म्हणाला. "मला तुमच्याशी…"

"आई पावणेचारच्या बोटीत आहे," मी म्हटलं.

त्यानं हात करून टॅक्सी थांबवली आणि मला आत बसवलं. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, बहुतेक मला बोलतं ठेवायला, तो सांगू लागला. साहेबांनी त्याला विचारलं होतं, ही प्रश्न लिहिणारी मुलगी तुझ्या ओळखीची का? तो म्हणाला, हो, आणि ती मला आवडते. म्हणून माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः जाऊन मोजा. साहेब तणतणत धक्क्यावर गेले. जॅकेटं स्वतः मोजली. तेवीसच भरली. मग त्यांनीच बोट बंद करायची ओळ घातली.

"हे आत्ता सांगताय?" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा हात मी कधी धरला ते कळलं नव्हतं.

धक्क्यावर तिकिटाची खिडकी बंद. तिकीटवाला निघून गेलेला. सव्वाचारला यायची बोट साडेचारला नव्हती. पाणी उसळत होतं, पलीकडचा काठ पावसात दिसत नव्हता. आणखी दहा-बारा माणसं उभी होती, कोणालाच काही माहीत नव्हतं. पाच वाजले. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, मी पहिल्यांदाच नीट विचारलं असतं तर… बोट तेव्हाच बंद झाली असती. मी तसं बोललेही.

"मीही पहिल्यांदा न बघताच 'होय' लिहिलं होतं," तो म्हणाला. हात सोडला नाही.

सव्वापाचला मागच्या थांब्यावर बस लागली. त्यातून माणसं उतरली, आणि त्यांच्यात पिशवी सावरत, कपाळाला आठ्या घालून, माझी आई.

"साडेतीनलाच अडवली हो बोट," ती लांबूनच सांगायला लागली. "सरकारी माणूस येऊन उभा. म्हणे, एकही फेरी नाही. उभ्यानं आले बसमध्ये, पाय मोडले नुसते…"

माझा जीव भांड्यात पडला. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडले. ती आधी "अगं, अगं" करत राहिली. मग माझ्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "त्या सरकारी माणसानं माझ्या बाकाखालची फळी नुसती ओढली तर हातात आली तुकडा होऊन. मी रोज तिथंच बसते."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. मग तिचं लक्ष माझ्यामागे गेलं. "हा तर मळमळलेला. इथं काय करतोय?"

"आई, हा मला आवडतो," मी म्हटलं. "त्यालाही मी आवडते. पण ते त्यानं त्याच्या साहेबांना सांगितलंय. मला अजून सांगितलेलं नाही."

आईनं त्याला खालून वर न्याहाळलं. त्याचा चष्मा पावसानं धूसर झाला होता. त्यानं तो काढला, पुसायला काही कोरडं सापडेना म्हणून तसाच हातात धरला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. "हवं तर… लिहून देतो."

"लिहू नकोस," मी म्हटलं. "पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला. आईनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, घरी चला, दोघंही चिंब झालायत. ती पुढं निघाली, आणि तिच्या मागून चालताना तो आणखी एकदा म्हणाला, मी सांगितलेलं नसताना.